निळ्या तारेची कॅसेट

अर्ध्या गालाला साबण आणि अर्धा गाल कोरडा, अशा अवस्थेत मी मोबाइलवर ती ओळ वाचली आणि एवढ्या जोरात मान फिरवली की न्हाव्यानं वस्तरा हवेतच धरला. "साहेब, कापलं असतं ना," तो म्हणाला. मेहकरच्या बसस्टँडसमोरचं सलून, आरशाच्या कडेला चिकटवलेले केसांच्या फॅशनचे पिवळट फोटो, बाहेर कंडक्टरची शेगाव शेगाव अशी आरोळी, आणि माझ्या हातात ती ओळ : 'फेरफार करणारा – अज्ञात. बहुधा चीनमधील कारखान्यातला कामगार.' ओळीच्या वर फोटो होता. जुन्या व्हिडिओ गेमची उघडलेली कॅसेट, आतली हिरवी पट्टी, पट्टीवर काळी चिप, आणि चिपच्या दोन पायांना जोडणारी तांदळाच्या दाण्याएवढी निळी तार. ती तार मी ओळखत होतो. तिचा तो किंचित डावीकडे कललेला बाक मी ओळखत होतो. ती तार चीनमध्ये नाही, इथून पंचवीस किलोमीटरवर डोणगावात, बाजारगल्लीतल्या पत्र्याच्या दुकानात लागली होती, आणि लागली तेव्हा मी पाच पावलांवर बसून खारे शेंगदाणे खात होतो. अज्ञात म्हणे. मला सगळ्यात जास्त राग आला तो त्या 'बहुधा'चा. माहीत नसलं की माणसानं गप्प बसावं, पण नाही, बहुधा म्हणून हात झटकायचे आणि अख्खा माणूसच पुसून टाकायचा. न्हाव्यानं दुसऱ्या गालाला साबण लावला तेव्हा मी म्हणालो, राहू दे, आणि तसाच अर्ध्या दाढीनं बाहेर आलो.

ही नोंद ज्या मोबाइलवरच्या ग्रुपवर होती, त्याचं नाव 'कॅसेटवाले'. चार हजारांवर माणसं आहेत त्यात, आणि त्यांच्यापैकी एकालाही मी प्रत्यक्ष भेटलेलो नाही. अकोल्याचा एक डॉक्टर आहे, तो कॅसेटचे काळवंडलेले पितळी दात खोडरबरानं घासून चकचकीत करतो आणि आधीचा-नंतरचा असे दोन फोटो टाकतो. टोरांटोत राहणारा एक गृहस्थ फाटलेल्या स्टिकरांची चित्रं पुन्हा काढतो. नाशिकच्या बँकेतल्या एक बाई गेमचं संगीत तोंडानं गुणगुणून पाठवतात आणि विचारतात, हा कुठला गेम, सांगा. एकदा रणगाड्यांच्या खेळातली विटांची भिंत लाल होती की तपकिरी यावर तीन दिवस भांडण चाललं होतं, आणि तिसऱ्या दिवशी दोघांनी एकमेकांची माफी मागितली. बाहेरच्या माणसाला हसू येईल. माझ्या बायकोला, प्रतीक्षाला, येतंच. "चाळीशी आली तरी पोट्ट्याईचे खेळ," ती म्हणते, आणि माझी चाळीशी यायला अजून सात वर्षं आहेत हे मी तिला सांगत नाही. पण मी त्या माणसांना हसत नाही. त्या वर्षी, दोन हजार सतराच्या पावसाळ्यानंतर, मला दिवसभरात तेवढीच एक जागा होती जिथे माझ्याकडे कोणी बोट दाखवत नव्हतं.

मी बियाण्याच्या कंपनीत आहे. देऊळगाव राजाच्या बाजूला शेतकऱ्यांकडून कपाशीचं संकरित बियाणं तयार करून घ्यायचं, त्यांचे प्लॉट बघायचे, ही माझी नोकरी. पंधरा वर्षांपूर्वी अळीला मारणारं बीटी बियाणं आलं तेव्हा आमच्याच लोकांनी गावोगाव सांगितलं होतं की आता बोंडअळी विसरा. आणि त्या वर्षी ज्या बोंडाला हात लावावा ते आतून किडलेलं. वरून हिरवंगार, टणक, नख लावून फोडलं की आत गुलाबी अळी आणि सडका कापूस. दिवाळीला डोणगावला गेलो तर बाबांनी, म्हणजे जानरावांनी, एक बोंड फोडून माझ्या तळहातावर ठेवलं आणि बैलाला पाणी पाजायला निघून गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं. कंपनीनं आम्हाला एक उत्तर पाठ करून दिलं होतं : थैलीसोबत बिनबीटीचं छोटं पाकीट दिलं होतं, ते तुम्ही बांधाच्या कडेनं पेरलं नाही, म्हणून अळी बीटीला सरावली. उत्तर खोटं नव्हतं, कोणीच ते पाकीट पेरलं नव्हतं. पण पेरलं का म्हणून पंधरा वर्षांत आम्हीही कोणाच्या बांधावर गेलो नव्हतो. अमडापूरच्या चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्यानं माझ्या शर्टावरचं कंपनीचं चिन्ह पाहिलं आणि आपला कप घेऊन दुसऱ्या बाकड्यावर जाऊन बसला. त्या दिवसापासून मी तो शर्ट घालून चहा पीत नाही. असा दिवस काढून आलं की त्या ग्रुपवर जायचं. तिथे खेळातली होडी चौथ्या वळणावर खडकाला लागते. शहाण्णव साली लागायची, आजही लागते, आणि मी टाकलेल्या व्हिडिओत टोरांटोवाल्यालाही लागताना दिसते. कोणी तुम्हाला सांगितलेलं नसतं की ती लागणार नाही. म्हणून माणसं तिथे परत परत येतात असं मला वाटतं, आणि नाशिकच्या बाईंना, अकोल्याच्या डॉक्टरला आपापल्या दिवसाचं काय विसरायचं असतं ते मी कधी विचारलेलं नाही.

होडीचं सांगायला हवं. त्या काळात मिळणाऱ्या कॅसेटवर मोठ्या अक्षरात ९९९ लिहिलेलं असायचं आणि आत खेळ असायचे सात, तेच फिरून फिरून, नावं बदलून. शंभर नंबरवर बदकं मारा, दोनशे नंबरवर तीच बदकं उलट्या बाजूनं मारा. पण डोणगावच्या कॅसेटमध्ये आठवा खेळ होता. नदी, खडक आणि एक होडी. कॅसेटच्या कंपनीनं तो चिपमध्ये ठेवला होता आणि यादीतून मात्र वगळला होता, का ते कोणालाच माहीत नाही. ती निळी तार लावली की तो बाहेर यायचा. ग्रुपला अशा तीनच कॅसेट सापडल्या होत्या : एक अकोल्याच्या डॉक्टरकडे, एक नाशिकच्या भंगारात, आणि एक माझ्याकडे. पहिल्या दोन बंद पडलेल्या. चालू कॅसेट माझी एकटीच. म्हणून तर मला त्या ग्रुपवर थोडाफार मान होता, आणि म्हणून तर माझ्या कॅसेटचा फोटो लावून त्याखाली बहुधा चीन असं लिहिलेलं मला सहन होईना.

डोणगावात शकूरचाचाचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पुढे फळ्यांचं काउंटर, त्यावर रंगीत टीव्ही, समोर आम्हा पोरांसाठी बाकडं, आणि मागे गोणपाटाचा पडदा. शकूरचाचा उंच, बोलका, केसाला मेंदी लावलेला माणूस. अँटेना लावायला छपरावर चढला की खाली उभ्या चार माणसांना बातम्या सांगत काम करायचा. शेजारच्या मालेगावहून, अगदी जालन्याहून लोक कॅसेट घेऊन यायचे. हा हातात घ्यायचा, कानाजवळ नेऊन हलवायचा, म्हणायचा, "बैस बे. होडी काहाडून देतो." मग कॅसेट पडद्याआड जायची आणि चहा होईपर्यंत परत यायची. राळेसारखा, जळक्या धुरासारखा एक वास पडद्यातून यायचा, आणि तो वास आला की आम्ही बाकड्यावर पुढे सरकायचो, आता होडी दिसणार म्हणून. आजही कुठे कोणी सोल्डरिंग करत असलं की मी थांबून तो वास घेतो. कसं केलं असं कोणी विचारलं तर शकूरचाचा छातीवर हात ठेवून हसायचा. आम्हाला वाटायचं, साऱ्या जिल्ह्यात एवढा हुशार माणूस दुसरा नाही. आठ वर्षांपूर्वी तो गेला. दुकान मोडलं. आणि आता सव्वीस-सत्तावीस वर्षांची पोरं पुण्यात बसून ठरवणार की तो चीनचा कामगार होता.

मी त्याच दुपारी लिहिलं. रागात लिहिलं, म्हणून जसं तोंडात येतं तसं लिहिलं गेलं : हे तार डोणगावच्या शकूरभाईनं लावेल हाये, मी सोता पाहेल हाये. पहिली प्रतिक्रिया होती हसणाऱ्या तोंडांची, ओळीनं पाच. कोणीतरी लिहिलं, 'वाचताना मजा आली, भाऊ.' मी काय विनोद सांगत होतो? ग्रुपचा प्रमुख स्वतःला पिक्सेलपंत म्हणवतो. खरं नाव माहीत नाही, कोथरूडला राहतो एवढं ठाऊक. त्यानं अत्यंत सभ्य भाषेत उत्तर दिलं. 'आपल्या भावनांचा आदर आहे. परंतु हे काम अतिशय सफाईदार आहे. ग्रामीण भागातील दुरुस्ती कारागिराकडे त्या काळी ही साधने असणे संभवत नाही. काही पुरावा?' संभवत नाही. मी ते वाक्य देऊळगावच्या रस्त्यावर मोटारसायकल थांबवून तीनदा वाचलं. सफाईदार आहे म्हणून ते आमचं असू शकत नाही, असाच त्याचा अर्थ ना? गचाळ असतं तर लगेच दिलं असतं आम्हाला. तीन आठवडे मी भांडलो. त्यांच्या भाषेत भांडलो, संभवते आणि परंतु घालून घालून, प्रत्येक वाक्य दोनदा तपासून. शेवटी घरच्या जुन्या अल्बममध्ये एक फोटो सापडला : माझ्या बहिणीच्या लग्नाची वरात, मागे दुकानाची पाटी, 'शकूर रेडिओ टीव्ही सर्व्हिस, डोणगाव', आणि पाटीखाली मेंदीच्या केसांचा शकूरचाचा. तेवढा फोटो टाकला आणि पिक्सेलपंत विरघळला. 'समाधानकारक,' त्यानं लिहिलं. संध्याकाळपर्यंत नोंद बदलली : 'फेरफार करणारा – शेख शकूर, डोणगाव, जि. बुलढाणा.' टोरांटोच्या गृहस्थानं लिहिलं की त्याला रडू आलं. मला तर आलंच. प्रतीक्षानं ताटावरून विचारलं, "काय झालं हो? कंपनीतून काही आलं काय?" मी म्हणालो, नाही, आज कोणाला तरी त्याचं मिळालं. ती म्हणाली, "मंग जेवा ना. भाजी थंडी होऊ राह्यली."

रविवारी मी डोणगावला गेलो, थेट जहांआरा चाचीकडे, शकूरचाचाच्या बायकोकडे. ती आता सत्तरीला टेकली आहे. दुकान मोडलं तरी घरात काम चालू आहे, हे मला माहीत होतं आणि नव्हतंही. ओसरीवर फवारणीचे बॅटरीचे पंप रांगेनं ठेवलेले, त्या वर्षी सगळं गाव फवारत होतं आणि सगळ्यांचे पंप बंद पडत होते. कोणाच्या चार्जरची तार तुटलेली, कोणाचं बटण गेलेलं. चाची खाली बसून एका पंपाच्या पोटात डोकं घालून होती, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, हातात सोल्डरिंग आयर्न. एक माणूस पंप ठेवायला आला आणि म्हणाला, "शकूरमियाच्या इथं देऊन जातो मंग." ती हाव म्हणाली. मी ते ऐकलं आणि त्यात मला काही वावगं दिसलं नाही.

"चाची, चाचाचं नाव झालं," मी म्हणालो आणि मोबाइल तिच्यापुढे धरला. वाचून दाखवलं. कुठल्या कुठल्या देशातली माणसं काय काय लिहितात ते सांगितलं. ती ऐकत होती. मग तिनं चष्मा वर सरकवला, मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि नाव सोडून फोटोकडेच पाहत राहिली.

"हे तं मी लावेल हाये," ती म्हणाली.

मी हसलो. देवाशपथ, मी हसलो.

"हसतो काऊन बे? शकूरमियाचा हात कापे. मोठं काम करत थे, पिक्चर ट्यूब, अँटिना, सारं. पन हे बारीक पाय त्याईच्यानं होत नव्हते. पयली खेप तं माह्याकडून गलतीच झाली. टाका लावता लावता दोन पायाईवर कथलाचा थेंब पडला. मले म्हने, झाली ना खराब लोकाची कॅसेट. लई बोलले. मंग लावून पाह्यली तं होडी." तिनं फोटोतल्या तारेवर बोट ठेवलं. "थेंब टिकत नव्हता. दोन महिन्यात सुटे. मंग मी तार घातली. टेलिफोनवाल्याईनं टाकून देल्ली होती केबल, त्यातली निळी. डाव्या अंगाले वाकवली, काऊन का सरळ ठुली तं झाकन लागत नाही."

झाकण लागत नाही. तीन आठवडे चार हजार माणसं त्या बाकावर चर्चा करत होती. कोणी म्हणत होतं यंत्रानं वाकवली, कोणी म्हणत होतं डावखुरा कामगार असावा.

"मंग तू तवा काही बोलली काऊन नाही?"

"कोनाले बोलू? तुमाले? तुमी तं समोर बसले होते," ती म्हणाली, आणि पुन्हा पंपात डोकं घातलं.

परत येताना मी गाडी हळू चालवली. खोटं का सांगू, पहिल्यांदा मला तिचाच राग आला. एवढं सगळं जमून आलेलं, आणि म्हातारीनं त्यात काय काढलं हे. मग पुढे कुठेतरी, दोन्हीकडे न वेचलेली कपाशी उभी होती तिथे, मला तो पडदा दिसला. गोणपाटाचा. तो कधीच पूर्ण लागत नसे, एका बाजूला वीतभर फट असे. त्या फटीतून मला तिची पाठ दिसायची, वाकलेली, आणि धुराची रेघ. चहा आणि कॅसेट पडद्याआडून एकाच हातानं बाहेर यायचे, हिरव्या काचेच्या बांगड्या घातलेल्या हातानं. मी ते शंभरदा पाहिलं होतं. मी विसरलोही नव्हतो. सलूनमध्ये ती तार ओळखली तेव्हा तो हातही मला दिसला होता, आणि तरी मी लिहिलं शकूरभाईनं लावली, मी स्वतः पाहिलं. काय पाहिलं होतं मी? पिक्सेलपंतानं न पाहता पुसलं. मी पाहून पुसलं.

आणि चाचीऐवजी चाचाचं नाव मला सुचलं कसं, यावर मी विचार करत राहिलो तर उत्तर माझ्या खिशातच होतं. प्लॉटची कार्डं. कपाशीच्या संकरित बियाण्याचं सगळं काम बायांच्या हातावर चालतं. दुपार कलली की कळीची पाकळी नखानं सोलायची, आतला नराचा भाग काढून टाकायचा, मादीला धक्का लागू द्यायचा नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या फुलाचा पराग तिच्यावर फिरवायचा. एका प्लॉटवर दिवसाला हजारो कळ्या. त्यासाठी बाया अंगठ्याचं नख वाढवतात. बीबी गावाकडच्या एका प्लॉटवर सुभद्राबाई म्हणून आहेत, त्यांच्या हातची कळी वाया जात नाही, कंपनीचे मोठे साहेब त्यांचं काम मोबाइलवर चित्रित करून घेऊन गेले. कार्डावर रकाना असतो, उत्पादकाचं नाव. तिथे मी लिहितो कडूबा, म्हणजे सुभद्राबाईंचा नवरा, जो त्या वेळी बांधावर बसून तंबाखू मळत असतो. दहा वर्षं मी अशी कार्डं भरतोय. हात आपोआप जातो. कोणी फसवा म्हणून सांगितलेलं नाही, रकाना समोर आला की नवऱ्याचं नाव. डोणगावच्या रकान्यातही माझा हात तसाच गेला. मला स्वतःची इतकी चीड आली की मी गाडी थांबवून बाजूला उभा राहिलो, आणि मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, "पेट्रोल संपलं का भाऊ?"

दुसऱ्याच दिवशी मी ग्रुपवर सगळं लिहिलं. माझी चूक झाली हे पहिल्या ओळीत. तार जहांआरा बी यांनी लावली, थेंब कसा पडला, तार कुठून आली, बाक का आहे, सगळं. वाटलं होतं लोकांना आनंद होईल. अकोल्याच्या डॉक्टरला झाला, त्यानं आपली कॅसेट उघडून झाकण लावून बघितलं आणि लिहिलं, 'बरोबर आहे, सरळ तारेनं लागत नाही.' पण बाकीचे चिडले. 'आधी काका, आता काकू. उद्या कोण?' एकानं लिहिलं, 'भावनिक गोष्टींसाठी वेगळा ग्रुप काढा.' आणि पिक्सेलपंतानं पुन्हा त्या सभ्य भाषेत : 'आपल्या आधीच्या विधानाची विश्वासार्हता आता प्रश्नांकित झाली आहे. तूर्त नोंद मूळ स्वरूपात ठेवत आहोत. सदर महिलेने प्रत्यक्ष काम करून दाखवल्याची चित्रफीत पाठवल्यास विचार करू. अखंड चित्रण असावे. चेहरा व हात एकाच चौकटीत.' आणि खाली नोंद, जशी सलूनमध्ये वाचली होती तशीच्या तशी. आता शकूरचाचाही नव्हता आणि चाचीही नव्हती. माझ्या चुकीमुळे नव्हते, हे खरं. पण सदर महिला? सत्तर वर्षांच्या बाईनं चेहरा आणि हात एका चौकटीत बसवून परीक्षा द्यायची, आणि हे विचार करणार.

तरी मी गेलो. हे मी लपवणार नाही. पुढच्या रविवारी मी माझी कॅसेट घेऊन, मोबाइल पूर्ण चार्ज करून, आणि भंगारातली बिनतारेची एक जुनी ९९९ शोधून घेऊन डोणगावला गेलो. जाताना मनात सगळं मांडलं होतं : चाची ओसरीवर बसेल, उजेड पूर्वेकडून येईल, ती नवीन कॅसेटमध्ये तार लावेल, मी एकही सेकंद न तोडता चित्रण करीन, आणि पिक्सेलपंताच्या तोंडावर फेकीन. मला तिचं नाव तिथे हवं होतं. तिच्यासाठी हवं होतं, असं मी स्वतःला सांगत होतो.

चाचीनं सगळं ऐकून घेतलं. दोन्ही कॅसेट समोर ठेवल्या होत्या. आयर्न तापत होतं, कारण ती कोणाचा तरी चार्जर करत होती.

"म्हंजे मी त्याईले करून दाखवू," ती म्हणाली.

"हाव. पाच मिंटाचं काम हाये तुले."

"शकूरमियाचं नाव तू सांगतलं, तवा त्याईनं काय मांगलं होतं?"

मी बिनतारेची कॅसेट उगाच उलटी करून पाहिली.

"सांग ना बेटा. त्यायच्यासाठी काय मांगलं?"

"फोटो," मी म्हणालो. "दुकानाच्या पाटीचा."

"पाटीचा फोटो पाह्यला आन् मानलं त्याईनं."

"हाव."

"आन् मी करून दाखवू."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मी काहीतरी बोललो असतो, समजावलं असतं, आजकाल सगळीकडे पुरावा मागतात चाची, बँकेत मागतात, तहसीलात मागतात, असलं काहीतरी. तिनं ओढणीनं हात पुसले. "चाळीस साल मी हे काम करू राह्यली," ती म्हणाली. "त्यायच्या नावानं केलं, मले राग नव्हता. आता राग हाये. त्याईचा नाही, थे कोन कुठचे. तुहा हाये. तू बसेल होता तिथं." मग तिनं हात पुढे केला. "आन इकडं थे कॅसेट."

मला वाटलं ती तयार झाली. मी घाईघाईनं मोबाइल काढला आणि नवी, बिनतारेची कॅसेट पुढे केली. तिनं ती बाजूला सारली आणि माझी उचलली. झाकणाचे स्क्रू मी कधीच घट्ट लावत नाही, सारखी उघडावी लागते म्हणून. तिनं ते बोटांनीच फिरवून काढले. "पकड," म्हणाली, आणि हिरवी पट्टी माझ्या हातात दिली. दोन्ही हातांनी धरावी लागत होती, म्हणून मोबाइल मी मांडीवर ठेवला. तिनं आयर्नचं टोक ओल्या फडक्यावर एकदा फिरवलं, चर्र असा आवाज झाला, आणि तो वास आला. तिनं चष्मा वर सरकवला, मान कलती केली, आणि टोक पहिल्या पायाला लावलं न लावलं तोच उचललं. मग दुसऱ्याला. शेजारच्या पायांना स्पर्शसुद्धा नाही, पट्टीवर साधा डागही नाही. सत्तर वर्षांचा हात, आणि तसूभर हलला नाही. एवढं सुंदर काम मी आयुष्यात पाहिलेलं नाही, आणि ते मी सोडून कोणीच पाहिलं नाही. निळी तार तिच्या चिमट्यात वर आली.

"चाची," मी म्हणालो, "आता होडी."

"माही होती," ती म्हणाली. तारेवरचा कथलाचा थेंब तिनं अंगठ्याच्या नखानं काढून टाकला आणि तार पंपाच्या सुट्या भागांच्या डब्यात टाकली, बाकीच्या शंभर तारांमध्ये, निळ्या, लाल, पिवळ्या. मग झाकण लावलं, स्क्रू घट्ट आवळले, आणि कॅसेट माझ्या हातात ठेवली.

"घे. आता कंपनीची हाये थे. त्याईले म्हन, लावा ज्याचं लावाचं त्याचं नाव."

मांडीवरचा मोबाइल थरथरला. पिक्सेलपंत विचारत होता, चित्रण झालं का. ओसरीच्या पायरीशी एक माणूस पंप खांद्याला अडकवून उभा होता आणि शकूरमियाचं घर हेच का, असं मला विचारत होता. मी म्हणालो, हे जहांआरा चाचीचं घर आहे. तो म्हणाला, मग चुकलं वाटते, आणि पंप घेऊन पुढच्या गल्लीत निघून गेला.